चित्राखालची ओळ

"खिळे ठोकाले पाच वर्षं शिकली का वं तू?"

माझी आई पहिल्यांदा आमचं कलादालन पाहायला आली, तेव्हा तिनं मला हे विचारलं होतं. मी शिडीवर उभी होते, ओढणी कमरेला खोचलेली आणि ओठांत दोन खिळे धरलेले, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. नंतर अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आईला पटेल असं उत्तर मात्र शेवटपर्यंत सुचलं नाही.

आमचं घर नागपूरजवळच्या खाप्याचं, कोष्ट्याचं. वडील हातमागावर पातळं विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. नगरपरिषदेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी तीनदा घरी येऊन वडिलांना समजावलं, म्हणून मला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जाता आलं. पदवी मिळाली. चित्रकार होण्याइतकं आपल्या हातात नाही, हे पदवीच्या आधीच कळलं होतं. मग एका संस्थेच्या कलादालनात नोकरी लागली, दुसऱ्यांची चित्रं टांगायची. त्या नोकरीवर धाकट्या भावाचं शिक्षण झालं, खाप्याच्या घरावर स्लॅब आला, आणि मला रोज चांगली चित्रं पाहायला मिळाली. तक्रार करावी असं त्यात काही नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम दिसत नाही. दिसू नये, हीच त्याची परीक्षा असते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर यावा लागतो, कारण उभ्या माणसाची नजर तिथं आपोआप जाते. भडक चित्राच्या शेजारी हळू बोलणारं चित्र लावलं तर ते त्या आवाजात बुडून जातं. दाराजवळच्या भिंतीकडं सगळे पाहतात पण तिथं थांबत कोणी नाही. आतल्या मोठ्या भिंतीपर्यंत पोचणारा माणूस मात्र थांबतो. चित्राखाली एक चिठ्ठी असते. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, किंमत. चित्र विकलं गेलं की त्या चिठ्ठीवर लाल ठिपका लावायचा. आम्ही त्यासाठी सीताबर्डीवरून बायकांच्या कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं आणायचो. एक नियम मात्र कडक होता. लागलेली टिकली काढायची नाही. तो घेणाऱ्याचा शब्द असतो आणि आमचाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या आणि प्रत्येक चित्राला लावून पाहत हिंडल्या. एका आजोबांनी शेळीच्या चित्रासमोर अर्धा तास उभं राहून मला गंभीरपणे विचारलं, ही गाभण आहे का. मी चित्रकाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आहे. आजोबा खूश होऊन गेले. चित्र घेतलं नाही, पण मी तोवर ते चित्र इतकं नीट पाहिलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. ही चूक माझ्याकडून पुढं एकदा फार मोठ्या प्रमाणात झाली. तीच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्याकडं दर जानेवारीत पाच दिवसांचं एक प्रदर्शन भरायचं, सिकलसेलच्या संशोधनासाठी. विदर्भात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण दिवाळी अंक दूरवर जातात म्हणून सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अडकल्या की हाडं, सांधे, पोट असं काही दुखतं की धट्टीकट्टी माणसं आडवी होतात. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस चांगला राहतो, आणि बहुतेक वेळा त्याला माहीतही नसतं. डॉक्टर देवगडे या बाईंचं सगळं आयुष्य या आजारात गेलं होतं. एकच आजार असून एक लेकरू दर महिन्याला दवाखान्यात येतं आणि दुसरं वर्षभर शाळेत जातं, हा फरक कशामुळं पडतो, याचा त्या शोध घेत होत्या. मोठ्या यंत्रांना पैसा कुठून तरी मिळतो, त्या म्हणायच्या, पण गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणणाऱ्या माझ्या माणसांच्या गाडीत पेट्रोल कोण घालणार? ते पेट्रोल आमच्या प्रदर्शनातून निघायचं. चित्रकार चित्रं दान द्यायचे आणि आलेली सगळी रक्कम त्यांच्या प्रयोगशाळेला जायची.

एके वर्षी डॉक्टरांच्या वॉर्डातल्या मुलांची चित्रंही लावायचं ठरलं. कागदावरची साधी चित्रं होती ती, मोठ्यांच्या कॅनव्हासशेजारी बिचारी दिसत होती. मला एक युक्ती सुचली. चिठ्ठीवर किमतीच्या खाली मी एक ओळ वाढवली, 'चित्रकार स्वतः सिकलसेलचा रुग्ण आहे.' संध्याकाळच्या आत सगळ्या चिठ्ठ्यांवर टिकल्या लागल्या. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हापासून दरवर्षी ती ओळ असायची आणि ती चित्रं दाराजवळच्या भिंतीवर असायची. त्या ओळीचा मला अभिमान होता. माझ्या कामात मी स्वतः शोधून काढलेली ती एकच गोष्ट होती.

अशात अश्विनीचं चित्र आलं.

अश्विनी मेश्राम कामठीची. वय तेवीस. चित्रकलेचा डिप्लोमा झालेला, वडील पॉवरलूमवर कामाला. लहानपणापासून डॉक्टर देवगड्यांची पेशंट. प्रदर्शनाच्या आठवड्यात तिचे सांधे दुखत होते म्हणून वडील चित्र घेऊन आले, चादरीत गुंडाळून, शेअर ऑटोत मांडीवर धरून. मी आकार मोजला, तीन फूट बाय दोन फूट. मागची दोरी तपासली. नाव लिहून घेतलं, 'डांगरवाडी'. किंमत आठ हजार. मग ती माझी नेहमीची ओळ टाइप केली आणि चित्र दाराजवळ मुलांच्या चित्रांशेजारी लावलं. चित्रात काय आहे, असं कोणी त्या दिवशी विचारलं असतं, तर नदी आहे, एवढंच मला सांगता आलं असतं.

उद्घाटनाची भाषणं चालू असतानाच त्यावर टिकली लागली. इतवारीतले एक कापडाचे शेठजी दरवर्षी यायचे आणि एक तरी चित्र घ्यायचे, भला माणूस. ते दारातून आत येता येता थांबले, वाकून चिठ्ठी वाचली, मला खूण केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी स्वतः आली. अंगात जाड स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात पाण्याची मोठी बाटली. या पेशंटांना थंडी बाधते आणि पाणी सतत प्यावं लागतं. ती आपल्या चित्रासमोर उभी राहिली. मी हसत जवळ गेले आणि तिला बातमी दिली, सगळ्यात आधी तुझंच चित्र गेलं म्हणून. ती हसली नाही. कोणी घेतलं ते विचारलं. मी सांगितलं.

"त्यांनी किती वेळ पाहिलं?"

मी म्हटलं, असेल एखादं मिनिट.

"चित्र पाहिलं, का हे वाचलं?" तिनं चिठ्ठीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

मला खोटं बोलता आलं नाही. ते वाकून चिठ्ठीच वाचत होते, मी म्हटलं.

"टिकली काढा, ताई."

मी तिला आमचा नियम सांगितला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला, मग खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि तिच्या शाळेचं सांगू लागली. दहावीला अर्धं वर्ष दवाखान्यात गेलं, तरी सगळ्यांनी सांभाळून घेतलं. दर गॅदरिंगला तिला जिद्दीचं बक्षीस मिळायचं. डिप्लोमाला एक सर फार कडक होते, वर्गात एकेकाचं चित्र उचलून त्याच्या चुका सगळ्यांसमोर सांगायचे. तिच्याजवळ आले की खाली न पाहता म्हणायचे, छान, छान, तब्येतीला जप. ती हे सगळं कुठलाही राग न धरता सांगत होती. शेवटी म्हणाली, "मले आजपर्यंत कोणी खरे मार्क देल्लेच नाहीत, ताई. मले येते का नाही येत, हेच मले माहीत नाही. एक डाव तरी समजू द्या."

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, त्या तिची समजूत काढतील. त्या आल्या, ऐकलं आणि वैतागल्या. त्यांचंही चूक नव्हतं. आठ हजार म्हणजे त्यांच्या दृष्टीनं किती गावं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार असायचा. त्या म्हणाल्या, "अश्विनी, अगं हा पैसा तुझ्याच आजारासाठी आहे. तुझ्यासारख्या पोरींसाठी."

"रक्त पाहिजे तं घ्या ना, मॅडम. इतके वर्षं घेऊनच राहिल्या तुम्ही, मी कधी नाही म्हटलं का?" अश्विनी म्हणाली. "पण चित्र विकाचं असन तं चित्र म्हणून विका. नाही विकलं तं मी वापस घेऊन जाईन. आमच्या घरी भिंती आहेत."

डॉक्टरांनी पर्स खांद्याला अडकवली. मग माझ्याकडं वळल्या. "निमजे मॅडम, भिंत तुमची आहे. तुम्हीच ठरवा." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत त्या वेळी मला आठवली. तीन परीक्षक होते. दोघांनी माझ्या सरांचं शिफारसपत्र वाचलं आणि ते मला घरचंच विचारत राहिले, माग किती, भावंडं किती, आई शिकलेली आहे का. मी रडवेली झाले होते. तिसऱ्यांनी ते पत्र बाजूला सारलं, माझी चित्रं एकेक करून पाहिली आणि म्हणाले, "हिला हाताची बोटं काढता येत नाहीत. तरी घेऊ, शिकेल." मी त्या दिवशी खाप्याच्या बसमध्ये बसून सारखी आपली बोटं पाहत होते. कोणीतरी माझं चित्र पाहिलं होतं. पुढं खूप लोक माझ्याशी खूप चांगलं बोलले, पण त्या वाक्याएवढा आनंद मला कशानंच झाला नाही. आणि तीच मी, दुसऱ्या एका पोरीच्या चित्राखाली तिचं शिफारसपत्र चिकटवून मोकळी झाले होते.

मी नखानं टिकली काढली. अठ्ठावीस वर्षांत काढलेली ती एकच. मग चिठ्ठीही काढली.

शेठजींना फोन करणं फार जड गेलं. गोलगोल बोलत शेवटी सांगून टाकलं की चित्रकार मुलीची इच्छा आहे, तुम्ही चित्र पुन्हा एकदा पाहून घ्यावं आणि मगच हो म्हणावं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते आले. अश्विनीही आली होती.

"मॅडम, खोटं काहून बोलू?" शेठजी म्हणाले. "मी तो नीचे की लाइन पढके हां बोल दिया था. आता पाहतो." त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि खरोखरच पाच-सात मिनिटं उभं राहून पाहिलं. जवळ गेले, मागं आले. मग अश्विनीकडं वळून अवघडल्यासारखे म्हणाले, "बेटा, तू मेहनत केली, दिसते. पण एवढी रेती माझ्या घरात कोण पाहीन? आमच्या घरवालीले भिंतीवर देवच पाहिजे."

अश्विनी हसायलाच लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

शेठजींना ते हसणं कळेना. राग तर नाही ना आला, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही, काका. तुम्ही पाहिलं ना."

जाताना त्यांनी देणगीपेटीत आपला चेक टाकला, चित्र न घेता. डॉक्टरांचं पेट्रोल वाचलं. पण चित्र आता कोणाचंच नव्हतं.

मी ते दाराजवळून काढलं, आतल्या मोठ्या भिंतीवर नेलं आणि लावण्याआधी एकदाचं नीट पाहिलं. कन्हान नदी उन्हाळ्यात आटते, पाण्याची एकच धार उरते आणि बाकी सगळी रेती. त्या रेतीत लोक खड्डे करून टरबुजांच्या आणि डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लावतात. अश्विनीनं ती वाडी मे महिन्याच्या दुपारची काढली होती. आकाश पांढरं, जवळजवळ रंग नसल्यासारखं. रेती मात्र नुसती पिवळी नव्हती, तिच्यात जांभळा, राखी, कुठं कुठं गुलाबीसुद्धा होता. हिरव्या वेलांच्या रांगा, बाजूला गवताची झोपडी, आणि मधोमध उन्हात टरबुजांचा एक ढीग. माणूस एकही नाही. आमच्या खाप्याची नदी तीच, कामठीच्या वरच्या अंगाची. मी लहानपणी त्या रेतीवरून अनवाणी पळत झोपडीच्या सावलीत गेलेली आहे. चित्र पाहताना माझे तळपाय पोळले, आणि मी ते दोन दिवस दाराशी नदी म्हणून टांगून ठेवलं होतं.

नवी चिठ्ठी केली. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, किंमत. खाली काही नाही.

त्यानंतर अश्विनी रोज कामठीहून यायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. हे चित्र आपलं आहे असं सांगायची नाही. मलाही तिनं बजावलं होतं, कोणालाही काही सांगायचं नाही, आजाराचंही नाही आणि चित्रकार इथं बसली आहे हेही नाही. मला तेच अवघड गेलं. लोकांना गोष्ट सांगितली की ते विकत घेतात, हे मी इतकी वर्षं शिकले होते, आणि आता गप्प उभं राहायचं होतं. लोक यायचे, थांबायचे, पुढं जायचे. दोन कॉलेजच्या पोरींनी त्याच्यासमोर फोटो काढले. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की झोपडीचा कोन चुकला आहे, अशी झोपडी मागच्या बाजूला पडेल. अश्विनीनं ते वहीत लिहून घेतलं. ते गेल्यावर उठून पाहून आली आणि मला हळूच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. पडते." तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा दिसत होता.

पण घेतलं कोणीच नाही. चौथा दिवस संपत आला, तशी माझीच हिंमत खचली. चित्र परत चादरीत गुंडाळून ती शेअर ऑटोत बसली आहे, असं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. भावाला फोन करावा, उद्या येऊन घेऊन जा म्हणावं, पैसे मी देईन, असं मी मनात पक्कं करून टाकलं. त्याचा नंबरही काढला. अश्विनी स्टुलावरून माझ्याकडं पाहत होती.

"ताई, कोणाले पाठवू नका बरं," ती म्हणाली.

मी फोन पर्समध्ये टाकला.

शेवटच्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं. चाळिशीच्या आतबाहेरचा नवरा, हातात हेल्मेट. बायकोच्या हातात फोन. शेजारच्या मैदानावर फर्निचरचा सेल लागला होता, तिथून ते इकडं वळले होते. बेसा भागात नवा फ्लॅट घेतलेला, बैठकीतली भिंत रिकामी. बायकोनं मला फोनमध्ये भिंतीचा फोटो दाखवला आणि साडेतीन फूट जागा आहे, मधात स्विचबोर्ड येतो, त्याच्या वरती बसेल असं काही दाखवा म्हणाली. अशा गिऱ्हाइकांवर आम्ही मंडळी मागून हसतो. मी त्यांना मोजून तीन फुटांचीच चित्रं दाखवत निघाले. नवरा मात्र मागं राहिला होता. तो डांगरवाडीसमोर उभा होता.

"हे कोठचं व्हय?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, कन्हानचं.

"मी तेच म्हणून राहिलो. आमच्या मामाची वाडी होती कन्हानच्या रेतीत." त्यानं बायकोला हाक मारली. "पाह्य वं, अशीच राहे झोपडी."

बायकोनं नीट पाहिलं. "आणि तुमचे मामा टरबुजं असे भर उन्हात ठेवत होते का?"

तो जवळ गेला. "हे तं खरं आहे. उन्हात नाही ठेवत कोणी. तापतेत. झोपडीत ठेवतेत."

"तो ढीग गाडीत भराचा आहे," मागून आवाज आला. अश्विनी स्टुलावरून उठून आली होती. "गाडी यायची आहे अजून."

"गाडी तं कोठी दिसत नाही."

"तेच सांगून राहिली ना भाऊ. आली नाही."

बायको हसली. तिनं अश्विनीला विचारलं, तू काढलं का. अश्विनीनं मान हलवली. नवऱ्यानं चिठ्ठी वाचली, आणि मग त्यानं ते केलं जे आमच्या या प्रदर्शनात इतक्या वर्षांत कोणीही केलेलं नव्हतं.

"आठ जास्त होते. पाचात द्या."

देणगीच्या प्रदर्शनात भाव करायची लोकांना लाज वाटते. लिहिली असेल ती किंमत देतात आणि हात जोडून जातात. मी घाईघाईनं तोंड उघडलं. "भाऊ, हे पैसे असे आहेत की..."

अश्विनीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती आणि पकड चांगलीच घट्ट.

"पाचात तं रंग आणि कॅनव्हासच येते," ती त्याला म्हणाली. "साडेसात द्या."

"ढीग उन्हात आहे, तेवढे तरी कमी करा."

"ढीग उन्हात आहे म्हणूनच तुम्ही थांबले."

बायको मध्ये पडली. सहा, आणि फ्रेमसकट. अश्विनी म्हणाली, फ्रेमच नऊशेची आहे, वहिनी. नवरा म्हणाला, चाल वं, त्या सेलमध्येच पाहू, आणि दोघं खरंच दारापर्यंत गेले. अश्विनी चित्राकडं तोंड करून उभी राहिली, दाराकडं तिनं पाहिलंच नाही. दारात त्यांचं हळू आवाजात काहीतरी झालं. फोनमधली भिंत दोघांनी परत पाहिली. मग हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो परत आला.

"सात. शेवटचे. आणि चांगलं पॅक करून द्या, गाडीवर न्याचं आहे."

अश्विनीनं एकदा चित्राकडं पाहिलं आणि हो म्हणाली.

मी पावती फाडली. तिच्यावर वरच छापलेलं होतं, रक्कम कशासाठी आहे ते. त्यानं ते वाचलं आणि मान वर केली. "हे सिकलसेलचं काय व्हय?" मग मला सांगावं लागलं, संशोधन, डॉक्टर, गावोगावची तपासणी. अश्विनीचं काही सांगितलं नाही. तो ओशाळला. "हे पहिलेच सांगाचं ना, मॅडम. मी भावच नसता केला." आणि त्यानं उरलेले हजार द्यायला पुन्हा पाकिटात हात घातला.

"राहू द्या, भाऊ," अश्विनी म्हणाली. "भाव ठरला आता. सात म्हणजे सात."

मी चित्र जुन्या चादरीत आणि दोन पुठ्ठ्यांत बांधून दिलं. बायको गाडीवर मागं बसली आणि तिनं ते दोघांच्या मध्ये उभं धरलं. तिचं फक्त डोकं वर दिसत होतं. गर्दीतून वाट काढत ते बेशाकडं निघून गेले.

संध्याकाळी मी आणि अश्विनी कामठीच्या बसपर्यंत चालत गेलो. मला वाटलं होतं, ती आनंदानं काही बोलेल, किंवा रडेल. ती रागावलेली होती. साडेसातवर अडून राहायला पाहिजे होतं, ती म्हणाली. त्याला घ्यायचंच होतं, नाहीतर दारातून परत कशाला आला असता? रेतीलाच किती दिवस लागले, हे त्याला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अगं, सात काही वाईट नाहीत. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या ओळखीचे सगळे चित्रकार आठवले, लहान आणि मोठे. आपलं चित्र योग्य भावाला गेलं असं म्हणणारा त्यांच्यातला एकही मला भेटलेला नाही.

बस आली. ती चढली, खिडकीची जागा धरली, स्कार्फ कानांवरून घट्ट केला आणि खिडकीतून वाकून मला म्हणाली, "स्वस्तात गेलं, ताई. लईच स्वस्तात गेलं."